गाडी दारात आली, लेकरू मात्र मांडीवरच!

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावाचे रूप पालटले. एके काळी अख्ख्या गावात एखाद्याच वाड्यापुढे जीप उभी असायची. आज ऊस-कांद्याच्या पैशातून म्हणा, पोराच्या पगारातून म्हणा, नाहीतर कर्ज काढून म्हणा, गल्लोगल्ली चारचाकी दिसते. चांगलीच गोष्ट आहे. गाडी घेताना आपण सगळे बघून घेतो. ॲव्हरेज किती देते, डिकीत माल किती बसतो, एसी गार पडतो का. मग पूजा होते, नारळ फुटतो, लिंबू-मिरची बांधली जाते आणि कुटुंब देवदर्शनाला निघते. अशा वेळी घरातले सगळ्यांत धाकटे लेकरू कुठे बसते? पुढच्या सीटवर, आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर. ‘पुढं बसू द्या, त्याला सगळं दिसतं!’

या मांडीबद्दलच आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

दीड क्विंटलचा हिसका

हिशेब साधा आहे. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे असे धरा. डांबरी रस्त्याला ५० म्हणजे आपण वेग मानतच नाही. पुढे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी आहे. गाडी तिच्यावर आदळली तर थांबायला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागतो. तेवढ्यात दहा किलोच्या, म्हणजे वर्षा-सव्वा वर्षाच्या लेकराला धरून ठेवायचे तर हातांना सुमारे १४० किलोची ओढ सोसावी लागते. जवळजवळ दीड क्विंटल! पन्नास किलोचे पोते खांद्यावर घेताना आपण आधी पाय रोवतो, कंबर सावरतो. इथे तीन पोत्यांचा हिसका न सांगता येतो. ‘मी घट्ट धरते की’ असे आई म्हणते. माया खरी, पण हात तेवढे धरू शकत नाहीत. जगातल्या कुठल्याच माणसाचे धरू शकत नाहीत.

दुसरा दाखला घ्या. ताशी ६० ने जाताना अंगात जो वेग असतो, तोच वेग ४६ फूट उंचीवरून पडलेल्या माणसाला तळाशी पोचताना असतो. विहिरीच्या काठाला लेकरू कडेवर घेऊन उभे राहताना आपण केवढे जपतो! गाडीत मात्र तेच लेकरू सुटे ठेवतो.

त्यात आईनेही पट्टा लावला नसेल तर तिच्या अंगाचे सगळे ओझे लेकरावर येते आणि ते डॅशबोर्ड व आई यांच्यामध्ये चेपले जाते. काही जण यावर युक्ती काढतात आणि दोघांना मिळून एकच पट्टा लावतात. ही युक्ती तर फारच वाईट. मोठ्या माणसाचे ओझे मागून आणि पट्टा पुढून, असा लेकराचा चरकच होतो.

‘आमच्या गाडीला एअरबॅग आहे’ असेही अभिमानाने सांगितले जाते. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग आपल्याकडे २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, तेव्हा नव्या गाड्यांना ती असतेच. पण ती पट्टा बांधून टेकून बसलेल्या मोठ्या माणसासाठी आहे. पापणी लवायच्या आत ती फुगून बाहेर येते. मांडीवरचे लेकरू तिच्या वाटेत आले तर एअरबॅगच त्याला मारते. पुढच्या काचेवरची ऊन अडवणारी झडप खाली करून बघा. एअरबॅग असलेल्या गाडीत तिथे बाळाच्या सीटवर काट मारलेले चित्र दिसेल. किती जणांनी ते आजवर पाहिले आहे?

मागे बसले म्हणजे झाले का?

लेकरू मागे बसवणे बरेच, पण सुटे बसवले तर निम्मेच काम झाले. मागच्या सीटला पट्टा लागत नाही हा समज गावात आहे तसा शहरातही आहे, शिकलेल्यांतही आहे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला अपघात झाला आणि ते गेले. ते मागच्या सीटवर होते. मागचा पट्टा लावला असता तर कदाचित ते वाचले असते, अशा अर्थाचे उद्गार तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर काढले. पुढे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. पुढच्या सीटवरचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी महागाची होती, एअरबॅगाही होत्या.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात पट्टा न लावलेली १६,७१५ माणसे अपघातांत दगावली. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक नुसते बसलेले होते, गाडी चालवतही नव्हते.

कायद्याचेही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा लहान मुलांच्या खास सीटने बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड. तो गाडी चालवणाराला आणि तशी चालवायला लावणारालाही. दंडाच्या भीतीने कोणी पट्टा लावला तरी आमची हरकत नाही.

लेकराची सीट

आता मुद्द्याचे. मोठ्या माणसाचा पट्टा लहान लेकराला बसत नाही. तो मानेवर आणि पोटावर येतो. म्हणून लेकराची वेगळी सीट मिळते, ती गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने आवळून बसवायची. किंमत काही हजारांत जाते, हे खरे. पण गाडीला लाखो रुपये मोजणारा माणूस म्युझिक सिस्टिम आणि सीट कव्हरला जेवढे घालतो, त्यात ही बहुधा बसते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या हिशेबाने मोटारीतल्या अपघातात अशा सीटमुळे तान्ह्या बाळाचा जीव जाण्याचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

तान्ह्या बाळाची सीट उलटी बसते, म्हणजे बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. बायकांना याचे कारण सांगावे लागत नाही. बाळाला उचलताना मानेखाली हात धरल्याशिवाय आपण उचलत नाही. डोके जड, मान कोवळी. उलट्या सीटमध्ये धक्का बसला की डोके, मान, पाठ यांना सगळीकडून सारखा टेका मिळतो. सव्वा वर्षापर्यंत तरी लेकरू उलटेच बसले पाहिजे, आणि सीटमध्ये मावत असेल तर त्यानंतरही बसू द्यावे. पाय दुमडतात म्हणून घाईने सरळ करू नका. पाय दुमडल्याने काही बिघडत नाही.

मग साधारण चार वर्षांपर्यंत, १८ किलोपर्यंत, तोंड पुढे करून पण सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांत. त्यापुढे बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, आणि वरून गाडीचा खांद्यावरून येणारा पट्टा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर चालत नाही. उंची पावणेपाच फुटांच्या आसपास गेली की बूस्टर सुटतो. ओळखायचे कसे? पाठ सीटला टेकून गुडघे सीटच्या कडेला वाकले पाहिजेत, पट्टा मानेवर न येता खांद्यावर, आणि खालचा भाग पोटावर न येता मांडीच्या वर हाडावर. बूस्टरऐवजी गोधडीची घडी किंवा उशी घालू नका. ती धक्क्यासरशी सरकते आणि मूल पट्ट्याखालून घसरते.

खरेदी करताना सीटवरचे लेबल बघा. आर-४४, आर-१२९ किंवा आपल्या देशाचे एआयएस-०७२ यांपैकी काहीतरी इंग्रजीत छापलेले हवे. नुसती गुबगुबीत खुर्ची आणि तिला दोन फिती, असले काही स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

सीट बसवताना चुका जास्त होतात. गाडीचा पट्टा पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतूनच ओवायचा, पीळ पडू द्यायचा नाही. सीटवर गुडघा टेकून सगळा भार द्यायचा आणि पट्टा ओढून आवळायचा. बैल जुंपताना जोत्याची गाठ आपण दोनदा ओढून बघतो ना, तसेच. मग पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलली तर सोडा आणि पुन्हा बांधा. लेकराच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. थंडीत झबले-टोपडे ठीक, पण जाड स्वेटर-शाल गुंडाळून वर पट्टा लावू नका. पट्टा आत अंगाला लागू द्या, शाल वरून पांघरा. दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा. रडले म्हणून चालत्या गाडीत मांडीवर घेऊ नका. गाडी बाजूला घ्या, पाजा, मग निघा. वऱ्हाड पाच मिनिटे थांबते.

चालकाची बैठक

लेकरू बांधले, पण चालवणारा वेडावाकडा बसला तर काय उपयोग? एका घरात गाडी बाप चालवतो, पोरगा चालवतो, कधी भाचाही चालवतो. एकाची उंची सव्वापाच फूट, दुसऱ्याची सहा. पण सीट हलवायची खाली असलेली दांडी कोणी ओढत नाही. जो तो आधीच्याच जागेवर बसतो.

क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान दहा इंच अंतर हवे, कारण त्यातूनच एअरबॅग येते. डोक्यामागची उशी मानेशी नको. तिची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाला आली पाहिजे. मग आरसे. हे सगळे करायला एक मिनिट लागते. गरोदर बाईने पट्टा टाळू नये, खालचा भाग पोटाखालून आणि वरचा छातीच्या मधून घ्यावा.

पोराला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरू देणे, हॉर्न वाजवू देणे, हा लाड बंद करा. चालकाच्या हाताला अडथळा होईल असे कोणाला बसवणे कायद्यानेही गुन्हा आहे. पट्टा लावला नाही की गाडी टिंगटिंग करते, तर ती गप्प करायला नुसते बकल विकत आणून खुपसणारेही आहेत. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना असली बकले विकायला बंदी केली.

वडाप, पिकअप, ट्रॅक्टर

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे ज्याच्या दारात गाडी आहे त्याचे झाले. आम्ही वडापने जातो, काळी-पिवळीने जातो. बरोबर आहे. तिथे लेकराची सीट कोण बसवणार? तरी त्यातल्या त्यात निवड करता येते. जीपच्या पाठीमागे समोरासमोरची जी आडवी बाकडी असतात, तिथे लेकरू नेऊ नका. चालकाच्या मागची, तोंड पुढे असलेली सीट मागा. पुढे चालकाला खेटून तर नकोच. एसटी असेल तर अर्धा तास थांबून एसटीनेच जा. हे सुरक्षित म्हणून नव्हे, कमी वाईट म्हणून सांगतो.

छोटा हत्ती, पिकअप आणि ट्रॅक्टरची ट्रॉली मालासाठी आहे. जत्रेला पोरे भरून नेण्यासाठी नाही. ट्रॅक्टरला तर चालकाचीच एक सीट असते, मडगार्ड ही बसायची जागा नव्हे. मोटारसायकलवरही नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवे, वेग ४० च्या आत हवा, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. गावात तो कितीजण पाळतात हे सर्वांना ठाऊक आहे.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, मुख्याध्यापक यांना इथे करण्यासारखे आहे. शाळेच्या गाडीसाठी २०११ च्या राज्याच्या नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. त्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे पालकांनी विचारावे. व्हॅनमध्ये किती सीट आणि किती मुले, हे एका सकाळी फाटकाशी उभे राहून मोजले तरी कळते. लसीकरणाच्या दिवशी लेकुरवाळ्या बाया एकत्र असतात, तेव्हा आशाताईंनी पाच मिनिटे या सीटबद्दल सांगावे. दवाखान्यातून घरी येणे हाच बाळाचा पहिला प्रवास, तेव्हा बाळंतपणाच्या तयारीत दुपट्यांबरोबर सीटचाही विचार आधीच व्हावा.

आणि ही सीट प्रत्येक घराने नवी घ्यावी असेही नाही. तान्ह्या बाळाची सीट वर्ष-दीड वर्षात लहान पडते, मग ती माळ्यावर धूळ खाते. पाळणा जसा भावकीत फिरतो तशी ही फिरू शकते. फक्त देणारा ओळखीचा हवा, कारण अपघात झालेल्या गाडीतली सीट वरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते. ती कोणाला देऊ नये, मोडून टाकावी. पट्टे उसवलेले नाहीत ना, बकल खट्कन बसते ना, लेबल आणि माहितीपुस्तिका जागेवर आहे ना, आणि मागे वापराची मुदत छापली असेल तर ती उलटलेली नाही ना, एवढे बघून घ्या.