गाभारा रिकामा कां होता ?



इ. स. पूर्व ६३ या वर्षीं रोमन सेनापति पाँपी यानें यरुशलेम नगर घेतलें, आणि तो यहुदी लोकांच्या मंदिराच्या अगदीं आंतल्या गाभाऱ्यांत शिरला. वर्षांतून एकच दिवस, आणि तोहि एकट्या मुख्य याजकानें, जेथें पाऊल टाकावयाचें, अशी ती जागा. पाँपीला तेथें कोणतीहि मूर्ति आढळली नाहीं. ज्या देवाचें हें मंदिर, तो मग राहत होता तरी कोठें ? देव आपल्या लोकांमध्यें वसतो ही ख्रिस्ती श्रद्धा समजून घ्यावयाची, तर याच प्रश्नापासून आरंभ केला पाहिजे. कारण तिचें मूळ यहुदी धर्मांत आहे.

मिसर देशाच्या दास्यांतून सुटलेले इस्राएल लोक रानांत भटकत असतां त्यांच्याबरोबर देवाचाहि तंबू चालत असे, असें जुना करार सांगतो. पुढें शलमोन राजानें दगडी मंदिर बांधिलें. त्याचा गाभारा २० हात लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच होता. परंतु आकाशांतहि न मावणारा देव या घरांत मावणार नाहीं, हें अर्पणाच्या वेळीं राजानें स्वतःच कबूल केलें.

लोकांना मात्र याचा विसर पडला. मंदिर आहे तोंवर नगराला भय नाहीं, अशी त्यांची समजूत झाली. परदेशी, अनाथ व विधवा यांना छळाल तर ही इमारत तुम्हांस वांचविणार नाहीं, असें यिर्मया संदेष्ट्यानें मंदिराच्या दारांत उभें राहून बजाविलें. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें तें मंदिर खरोखरच जाळलें, व पुष्कळांना बंदिवान करून नेलें. घर जळालें, तेव्हां देवहि गेला काय ? त्या लोकांपुढें हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय नव्हता. त्यांचा सारा धीर त्यावर अवलंबून होता. याचें उत्तर त्यापूर्वींच बंदिवासांत गेलेल्या यहेज्केल संदेष्ट्याला मिळालें होतें. खबार नदीच्या कांठीं त्याला देवाच्या सिंहासनाचें दर्शन घडलें, आणि त्या सिंहासनाबरोबर चाकें होतीं ! निर्वासितांच्या मागोमाग देव परमुलुखांतहि येतो, हा त्याचा अर्थ.

ख्रिस्ती विचार येथूनच पुढचें पाऊल टाकितो. मत्तयानें येशूला ‘इम्मानुएल’ हें नांव लाविलें आहे. या हिब्रू नांवाचा अर्थ ‘आम्हांबरोबर देव’. देवाचा शब्द देही होऊन मनुष्यांत राहिला, असें योहान सांगतो. तेथील मूळ ग्रीक क्रियापदांत ‘तंबू ठोकणें’ हा अर्थ आहे. रानांतील त्या तंबूची जागा आतां एका मनुष्याच्या जीवितानें घेतली. येशूनें प्राण सोडला तेव्हां गाभाऱ्यापुढील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असेंहि मत्तय लिहितो. जेथें एकट्या याजकाला प्रवेश होता, तेथील वाट सर्वांस मोकळी झाली, असा ख्रिस्ती लोक त्याचा अर्थ करितात.

इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें दुसरें मंदिरहि उद्ध्वस्त केलें. परंतु श्रद्धावंतांचा समुदाय हेंच देवाचें मंदिर असून पवित्र आत्मा त्यांत वसतो, असें पौलानें त्याआधींच लिहून ठेविलें होतें. प्रभुभोजनांतील भाकर व द्राक्षारस यांत ख्रिस्त कोणत्या प्रकारें उपस्थित असतो, याविषयीं मात्र ख्रिस्ती पंथांत एकमत नाहीं. १५२९ सालीं मारबुर्ग येथें ल्यूथर व झ्विंग्ली हे दोन सुधारक याच प्रश्नावर वाद करून, मतभेद कायम ठेवूनच परतले.

तथापि एका ठिकाणाविषयीं मतभेदाला जागा नाहीं. भुकेलेला, उघडा, परका व तुरुंगांतला यांची जी सेवा होते ती आपलीच होय, असें येशूनें सांगितलें आहे. यिर्मयानें दिलेला इशारा आणि हें वचन यांचा रोंख एकच. देवाला घर बांधून दिलें म्हणजे तो आपल्या ताब्यांत आला, असें होत नाहीं. पाँपीनें पाहिलेला तो गाभारा रिकामा होता, त्याचें मर्म हेंच.