पोरानं कमावलं, ते कुणाचं?

1919 साली दादासाहेब फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाची भूमिका आपल्याच मुलीला, मंदाकिनीला दिली. पोर सात वर्षांची. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिचा चेहरा पडदाभर दिसतो आणि ती एकामागून एक भाव दाखवत जाते. गोष्ट सुरू व्हायच्या आधी बापाने प्रेक्षकांना लेकीचं कसब दाखवून घेतलं आहे. त्याआधी 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला होता तो त्यांचाच मुलगा भालचंद्र. घरचा कारखाना, घरचीच पोरं. त्यांना मेहनताना काय मिळाला, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनातही आला नसेल.

त्याच 1919 साली, तिकडे लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम थिएटरात चार्ली चॅप्लिन प्रेक्षकांत बसला होता. रंगमंचावर जॅक कूगन नावाचा नर्तक आपला नाच संपवून मुजरा करत होता. जाता जाता त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलाला पुढे आणलं. पोराने चार पावलं टाकली, बापाची नक्कल केली आणि टाळ्या घेऊन गेला. चॅप्लिनचं स्वतःचं मूल, अवघ्या तीन दिवसांचं होऊन, त्याच वर्षी जुलैत गेलं होतं. पुढच्या चित्रपटासाठी विषयही सुचत नव्हता. त्याला विषय मिळाला. एका छोट्या भूमिकेत मुलाची चाचणी घेऊन झाली आणि 1921 साली ‘द किड’ पडद्यावर आला. कचऱ्याच्या ढिगाशी सापडलेलं बाळ वाढवणारा भणंग आणि ते पोर, एवढीच गोष्ट. मोठ्या लांबीचा चित्रपट चॅप्लिनने दिग्दर्शित केला तो हा पहिलाच.

‘द किड’वर मराठीतही भरपूर लिहून झालं आहे, पण बहुतेक लेखांत चॅप्लिनच असतो. मला वाटतं, एकदा केवळ त्या मुलाकडे बघत हा चित्रपट पाहावा. तो दगड मारून घरांच्या काचा फोडतो आणि मागोमाग पाठीवर काचा घेतलेला चॅप्लिन दुरुस्तीला हजर होतो. बापलेकांचा चोख धंदा. एका खिडकीपाशी मुलगा दगड मारायला हात मागे नेतो आणि तो हात मागे उभ्या असलेल्या पोलिसाला लागतो. पुढचे काही क्षण पाहा. पोराला कळतं की मागे कोण आहे. मग तोच दगड तो हवेत उडवून झेलू लागतो, जणू पहिल्यापासून हाच खेळ चालला होता, आणि हळूच काढता पाय घेतो. हे पाच वर्षांच्या मुलाचं ‘गोड’ वागणं नव्हे; ही वेळेची जाण आहे, जी कमवायला तमाशातल्या सोंगाड्याची हयात जाते. दुसरीकडे सकाळच्या प्रसंगात तो गंभीर चेहऱ्याने धिरड्यांसारखे पॅनकेक भाजतो आणि अंथरुणात लोळणाऱ्या बापाला उठवतो. घरातला कर्ता कोण, ते एका दृश्यात कळतं. पुढे खऱ्या आयुष्यातही तेच व्हायचं होतं.

अनाथाश्रमाची माणसं त्याला गाडीत टाकून नेतात तो आक्रोश जगभर गाजला. तो कसा मिळवला, हे चॅप्लिननेच आत्मचरित्रात सांगून ठेवलं आहे. मुलगा त्या दिवशी हसण्याखिदळण्याच्या मूडमध्ये होता, रडेना. तेव्हा सख्ख्या बापाने त्याला बाजूला नेऊन दम दिला की रडला नाहीस तर खरोखरीच्या अनाथाश्रमात धाडीन. पोर ओक्साबोक्शी रडलं, कॅमेरा फिरला. नंतर चॅप्लिन समजूत काढायला गेला तर मुलगा म्हणे हळूच म्हणाला की बाबा नुसते घाबरवत होते, हे मला माहीत होतं. चॅप्लिन हा किस्सा कौतुकाने सांगतो. आपण तो वाचून हसतो आणि मग जरा थबकतो. कारण यात दोन्ही शक्यता खऱ्या आहेत: पोर घाबरलं हेही, आणि काम म्हणून रडलं हेही.

त्यानंतरची चार-पाच वर्षं हा मुलगा, जॅकी कूगन, जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक होता. कपाळावर झालर असलेले केस, ढगळ विजार, तिरकी टोपी. ‘पेक्स बॅड बॉय’, ‘ऑलिव्हर ट्विस्ट’, ‘सर्कस डेज’, ‘अ बॉय ऑफ फ्लँडर्स’ असे चित्रपट धडाधड आले. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये त्याच्यासमोर फेगिनच्या भूमिकेत लॉन चेनीसारखा कसलेला नट आहे आणि मुलगा त्याला कुठेही बिचकत नाही. (हा चित्रपट पुढे कैक वर्षं हरवला होता. 1970च्या दशकात त्याची प्रत युगोस्लाव्हियात सापडली आणि तिला हरवलेल्या पाट्या नव्याने जोडताना मदतीला पन्नाशी उलटलेला कूगन स्वतः होता.) मेट्रो कंपनीने 1923 साली त्याच्याशी दहा लाख डॉलरच्या घरातला करार केला. त्याच्या नावाच्या बाहुल्या निघाल्या, शेंगदाण्याचं लोणी निघालं. 1924 साली आर्मेनियन आणि ग्रीक निर्वासित मुलांसाठी तो अमेरिकाभर आगगाडीने फिरला. दहा लाख डॉलरहून जास्त किमतीचं अन्न आणि कपडे जमले, ते जहाजाने अथेन्सला गेले आणि वाटेत रोममध्ये पोपनेही त्याला भेट दिली. मुलगा नऊ वर्षांचा.

आणि मग केस कापले. ही अतिशयोक्ती नाही. 1927 साली एमजीएमने ‘जॉनी गेट युअर हेअर कट’ असा चित्रपटच काढला. पोर मोठं झालं, ही बातमी विकून घ्यायची ती शेवटची संधी होती. 1930-31मध्ये ‘टॉम सॉयर’ आणि ‘हकलबरी फिन’ आले, चालले; पण आता तो एक बरा दिसणारा किशोर होता आणि तसे हॉलिवुडात पायलीला पन्नास होते. बालनटांच्या गोष्टीत लेखकमंडळी इथे हमखास कंठ दाटून घेतात. मला ते पटत नाही. बाळसं उतरणं ही काही शोकांतिका नाही. खरी गोष्ट पुढे आहे आणि ती रोकड-वहीची आहे.

4 मे 1935. सॅन दिएगोच्या डोंगराळ भागात शिकारीहून परतताना गाडी रस्ता सोडून खाली गेली. जॅकीचे वडील आणि त्याचा नट-मित्र ज्युनिअर डर्किन यांच्यासह गाडीतले बाकी सगळे गेले, एकटा जॅकी वाचला. वडिलांनी पैसे जपून ठेवले असणार, असं तो धरून चालला होता. ऑक्टोबरात तो एकवीस वर्षांचा झाला, म्हणजे कायद्याने सज्ञान. हातात काही येईना. दरम्यान आई लिलियनने कुटुंबाचे आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या आर्थर बर्नस्टीनशी लग्न केलं. लहानपणी आठवड्याला सव्वासहा डॉलर खाऊचे मिळत, तेवढ्यावर मुलगा खूश होता. कारण कपडे, गाडी, बंगला सगळं घरात होतंच. लग्न झालं, संसार उभा करायची वेळ आली तेव्हा हिशेब विचारावा लागला. त्याची बायको बेटी ग्रेबल, जी पुढे प्रचंड गाजली, तेव्हा नुकती नाव कमावत होती.

एप्रिल 1938मध्ये जॅकीने आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. त्याने बालपणात मिळवलेली रक्कम तीस ते चाळीस लाख डॉलर असावी, असा अंदाज होता. आईची बाजू एका ओळीची होती: एकवीस वर्षांच्या आत पोराने मिळवलेलं सगळं आईबापाचं. नैतिकदृष्ट्या काहीही वाटो, कॅलिफोर्नियाचा तेव्हाचा कायदा आईच्या बाजूने होता. शेतात राबणाऱ्या, दुकानात उभं राहणाऱ्या मुलाच्या मजुरीवर बापाचा हक्क, ही जुनी समजूत तशीच्या तशी दहा लाखांच्या कराराला लावलेली होती. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ‘पोराचं म्हणून वेगळं काय ठेवायचं, शेवटी त्याचंच ना सगळं,’ हे वाक्य कुठल्याही चाळीत, कुठल्याही वाड्यात ऐकू येईल, आणि म्हणणारी माणसं बहुतेक वेळा प्रामाणिकच असतात.

खटला चालेपर्यंत उरले होते सुमारे अडीच लाख डॉलर. 1939च्या तडजोडीत जॅकीच्या वाट्याला त्यातले 1,26,000 आले. बाकीचे मोटारी, हिरे, फर आणि वकील यांच्यात विरले होते. ओढगस्तीच्या त्या दिवसांत चॅप्लिनने जुन्या सहकाऱ्याला एक हजार डॉलर दिले, असं सांगतात. त्याच वर्षी ग्रेबलशी घटस्फोटही झाला.

लोकक्षोभ मात्र कामी आला. 1939 साली कॅलिफोर्नियाने बालकलाकारांचा कायदा केला, तो ‘कूगन कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. ज्याच्या नावाने कायदा झाला त्याला त्यातून छदामही मिळाला नाही. शिवाय त्यात भोकं होती. न्यायालयाने मंजूर केलेल्या करारांनाच तो लागू व्हायचा आणि स्टुडिओ सगळे करार तिथवर नेत नसत. शर्ली टेंपलचं उदाहरण बोलकं आहे. तिने बालपणी सुमारे बत्तीस लाख डॉलर मिळवले आणि मोठेपणी चौकशी केली तेव्हा खात्यात चव्वेचाळीस हजारांच्या आसपास शिल्लक होती. तिने कुणाला कोर्टात खेचलं नाही. पुढे राजदूत झाली, आत्मचरित्रात आकडे तेवढे लिहिले. ही भोकं बुजायला साठ वर्षं लागली. पॉल पीटरसन या माजी बालनटाने 1990 साली ‘अ मायनर कन्सिडरेशन’ ही संस्था काढून पिच्छा पुरवला आणि 2000 सालापासून प्रत्येक कराराच्या 15 टक्के रक्कम मुलाच्या नावाने वेगळ्या ट्रस्ट खात्यात टाकणं सक्तीचं झालं. कमाई ही मुलाचीच मालमत्ता आहे, हेही कायद्याने तेव्हाच स्पष्ट म्हटलं.

जॅकीचं पुढे काय झालं? तो सैन्यात गेला, हवाई दलाकडे बदली मागून घेतली आणि ग्लायडरचा वैमानिक झाला. इथे त्याची वाट चक्क भारतातून जाते. 1943च्या अखेरीस तो फर्स्ट एअर कमांडो ग्रुपबरोबर आपल्याकडे आला. 5 मार्च 1944च्या रात्री आसामच्या काछारमधल्या लालाघाट धावपट्टीवरून ब्रिटिश सेनानी विंगेटच्या ‘चिंडिट’ तुकड्यांना घेऊन ग्लायडर उडाले. जपानी फौजांच्या पाठीमागे, ब्रह्मदेशाच्या जंगलात उतरायचं होतं. उतरायच्या दोन जागांपैकी एकीवर ओंडके आडवे पडल्याचं ऐन वेळी हवाई छायाचित्रांत दिसलं, म्हणून सगळी वाहतूक ‘ब्रॉडवे’ या एकाच जागेवर वळवली. तिथल्या गवताखाली सागाचे ओंडके ओढून पडलेल्या चाऱ्या होत्या, त्यांच्यात अडकून ग्लायडर एकमेकांवर आदळले, माणसं मेली. इंजीन नसलेलं विमान अंधारात एकदाच उतरवता येतं. ते काम करून कूगन सुखरूप परतला. सिनेमातल्या शौर्याच्या जाहिराती करत देशभर फिरणारे नट त्या काळात पुष्कळ होते, त्यांच्यात हा नव्हता, एवढं म्हणायला हरकत नाही.

युद्धानंतर मिळेल ते काम. दूरचित्रवाणी आली तसा तोही तिकडे गेला. केस गेले, अंग सुटलं, चेहरा बटाट्यासारखा झाला आणि 1964 साली ‘द ॲडम्स फॅमिली’ या मालिकेत तो अंकल फेस्टर झाला. गुळगुळीत टक्कल, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, तोंडात धरलेला विजेचा दिवा आपोआप पेटतो. मालिका 1966पर्यंत चालली आणि तिचं पुनःप्रक्षेपण पाहत वाढलेल्या मुलांना हा माणूस ‘द किड’मधला तोच, हे माहीतही नव्हतं. फेस्टर नीट पाहिला तर कळतं की वेळेची ती जाण शाबूत आहे. तो मान वळवायच्या आधी थांबतो, तेवढ्यात हशा येतो. चार लग्नं झाली, पैकी शेवटचं शेवटपर्यंत टिकलं. 1972 साली चॅप्लिन मानद ऑस्करसाठी वीस वर्षांनी अमेरिकेत आला तेव्हा दोघांची भेट झाली. 1 मार्च 1984 रोजी सँटा मोनिकात हृदयविकाराने जॅकी गेला. दोनच वर्षांनी त्याचा नातू, स्वतः बालनट असलेला कीथ, याने पडद्यासाठी आजोबांचं आडनाव घेतलं.

आता आपल्याकडे. आपण ‘श्यामची आई’मधला श्याम डोक्यावर घेतला. तो झालेले माधव वझे पुढे पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक आणि जाणते नाट्यसमीक्षक झाले. ‘हा माझा मार्ग एकला’मधला सचिन पिळगावकर नायक झाला, दिग्दर्शक झाला, ‘अशी ही बनवाबनवी’ करून बसला. ही चांगली उदाहरणं आहेत आणि म्हणूनच फसवी आहेत. कारण ज्यांचं नाव पुढे ऐकू आलं नाही त्यांचा हिशेब कुणी मांडलेला नाही. कायदा आपल्याकडेही आला, पण फार उशिरा. 2016 साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, 2017 साली नियम निघाले. मुलाला दिवसातून पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग सत्तावीस दिवसांहून जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी आणि कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा. आकडा कॅलिफोर्नियापेक्षा मोठा आहे, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. नियम चांगले आहेत. मालिकेच्या सेटवर घड्याळ कोण बघतं, हा वेगळा विषय.

नवी अडचण मोबाइलची आहे. स्टुडिओ नाही, करार नाही, पगार नाही. आई फोन धरते, बाळ बोबडं बोलतं आणि जाहिरातीचे पैसे आईच्या खात्यात येतात. इलिनॉय राज्याने 2024च्या जुलैपासून अशा मुलांचा वाटा बाजूला काढणं सक्तीचं केलं, कॅलिफोर्नियाने 2025पासून कूगन कायद्याची कक्षा इथवर वाढवली. आपले नियम ज्या निर्मात्याला धरतात तो आईबापाच्या समोरच्या बाजूला बसलेला असतो, त्याच्याकडून परवानगीचा अर्ज येतो, मुदत ठेवीची पावती येते. बैठकीच्या खोलीत चालणाऱ्या या चित्रीकरणासाठी जिल्हाधिकारी कचेरीची पायरी सहसा कुणी चढत नाही, आणि त्या बाळाच्या नावाने बँकेत खातं उघडा, असं सांगायलाही कुणी जात नाही.