गुडघ्याचा पट्टा सासूबाईंचा होता

घरात ऑनलाइन खरेदीचं खातं बहुधा एकच असतं. त्यावरून सासूबाईंसाठी गुडघ्याचा पट्टा येतो, भाचीच्या बारशासाठी झबली-टोपडी येतात, आणि पुढे कितीतरी दिवस त्या मोबाइलवर वॉकर, कमरेचे पट्टे, दुधाच्या बाटल्या दिसत राहतात. जिचं खातं आहे तिला वाटतं, दुकानाने मला म्हातारी ठरवलं की बाळंतीण?

दुकानाने खरं तर असं काही ठरवलेलं असेलच असं नाही. ॲमेझॉनच्या ग्रेग लिंडन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ साली आपली पद्धत एका शोधनिबंधात मांडली. ती वस्तूची वस्तूशी सांगड घालते. हा पट्टा घेणाऱ्यांनी आणखी काय घेतलं, एवढंच ती पाहते. पट्टा कोणाच्या गुडघ्याला बांधला, हे तिला कळायला मार्ग नाही.

मिक्सर घेऊन झाला तरी मिक्सरच दिसतात, त्याचं कारण निराळं. त्यातल्या बऱ्याच इतर ठिकाणी दिसणाऱ्या जाहिराती असतात. तुम्ही मिक्सर पाहिलात हे जाहिरात दाखवणाऱ्याला कळतं, घेतलात हे दर वेळी कळतंच असं नाही.

हे थांबावं म्हणून ॲप काढून पुन्हा टाकल्याने मात्र फरक पडत नाही, कारण नोंद खात्यावर असते. ॲमेझॉनवर एखादी जुनी खरेदी शिफारशींसाठी वापरू नका असं सांगता येतं, पाहिलेल्या वस्तूही यादीतून काढता येतात. एवढं जरूर करावं.

‘दिसलं तर दिसलं, मनाला काय लावून घ्यायचं?’ हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. अमेरिकेतल्या पत्रकार गिलियन ब्रॉकेल यांचं बाळ २०१८ साली पोटातच गेलं. बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती थांबेनात, तेव्हा त्यांनी तंत्रज्ञान कंपन्यांना जाहीर पत्र लिहिलं. ‘ही जाहिरात नको’ म्हटलं की यंत्रणा बाळ सुखरूप जन्मलं असं धरून स्तनपानाच्या वस्तू दाखवू लागते, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे नकाराचाही उलटा अर्थ लागला.

अशा वेळी सेटिंग शोधत बसण्याचं काम दुःखात असलेल्या माणसावर टाकणं अन्यायाचं आहे. ‘हा विषयच बंद करा’ हे बटण शिफारशीच्या शेजारीच हवं, आणि ‘कोणासाठी घेताय?’ हे ऑर्डर घेतानाच विचारायला हवं.