मानसिक आरोग्यसेवा आणि सार्वजनिक विमा

मनोविकारांवरील उपचारांचा खर्च शासकीय निधीतून वा सक्तीच्या वर्गणीतून भागविणाऱ्या विमायोजना आणि त्या उपचारांचे संशोधन करणाऱ्या संस्था यांच्या सहकार्याने रुग्णसेवेत सुधारणा घडवून आणण्याचे प्रयत्न या विषयात मोडतात. एखादा उपचार गुणकारी आहे, हे संशोधक सिद्ध करू शकतो. तो रुग्णापर्यंत पोहोचणे मात्र त्याचा मोबदला कोण व कसा देतो, यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. या दोहोंमधील अंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अनुभवावरून स्पष्ट होते.

तेथे १९६५ च्या कायद्याने मेडिकेअर (मुख्यत्वे ६५ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी) व मेडिकेड (अल्प उत्पन्न गटांसाठी) या योजना स्थापन झाल्या. मेडिकेअरमध्ये बाह्यरुग्णसेवेच्या खर्चातील २० टक्के वाटा सामान्यतः रुग्णाकडे असे. मानसोपचारांच्या बाबतीत मात्र तो ५० टक्के होता. हा भेद २०१० ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने दूर करण्यात आला. शिवाय मोबदला मुख्यतः प्रत्यक्ष तपासणीबद्दल मिळे; रुग्णाची दूरध्वनीवरून विचारपूस, औषधे नियमित घेतली जातात की नाही याची नोंद, वैद्याने तज्ञाशी केलेली चर्चा इ. कामांना हिशेबात फारसे स्थान नव्हते.

अवसादाच्या उपचारांत नेमकी हीच कामे महत्त्वाची ठरतात, असे यूर्गन उन्युत्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,८०१ वृद्ध रुग्णांवर केलेल्या चाचणीत दिसून आले (२००२). ‘सहयोगी सेवा’ या पद्धतीत रुग्णाचा नेहमीचा वैद्य, पाठपुरावा करणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि सल्लागार मनोविकारतज्ञ मिळून काम करतात. लक्षणांचे मापन ठराविक प्रश्नावलीने वारंवार केले जाते व सुधारणा न दिसल्यास उपचार बदलला जातो. बारा महिन्यांनंतर या गटातील ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने वा त्याहून अधिक कमी झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते.

वॉशिंग्टन राज्यात ही पद्धती सार्वजनिक निधीतून अल्प उत्पन्न रुग्णांसाठी २००८ पासून राबविण्यात आली. पुढे मोबदल्याचा काही भाग वेळेवर पाठपुरावा इ. गुणवत्तेच्या निकषांशी जोडण्यात आला. त्यानंतर अवसादात सुधारणा होण्यास लागणारा मध्यक काळ ६४ आठवड्यांवरून २५ आठवड्यांवर आला. ही तुलना आधीच्या व नंतरच्या रुग्णांमधील असली, तरी मोबदल्याच्या रीतीचे महत्त्व तीवरून लक्षात येते. मेडिकेअरने सहयोगी सेवेसाठी स्वतंत्र मोबदला २०१७ पासून दिला. म्हणजे सिद्धता व मोबदला यांत पंधरा वर्षे गेली.

छिन्नमानसाच्या बाबतीत हे अंतर पुष्कळच कमी झाले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००८ मध्ये आरंभिलेल्या प्रकल्पातील एका चाचणीत २१ राज्यांतील ३४ चिकित्सालयांमधील ४०४ रुग्ण होते. चित्तविकृती सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा मध्यक काळ ७४ आठवडे होता. औषधे, मानसचिकित्सा, कुटुंबास मार्गदर्शन आणि शिक्षण व नोकरीसाठी साहाय्य एकत्रित देणाऱ्या सेवेचा लाभ हा काळ कमी असलेल्यांना अधिक झाला. निष्कर्ष ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात मेडिकेडच्या केंद्रीय प्रशासनाने या संस्थेसमवेत परिपत्रक काढून अशा सेवेचा खर्च कोणत्या तरतुदींखाली भागविता येईल, हे राज्यांना कळविले.

अशा सहकार्यास मर्यादाही आहेत. विम्याच्या दाव्यांवरून किती देयके दिली हे कळते. रुग्ण किती बरा झाला, हे कळत नाही. विम्याबाहेर राहिलेले रुग्ण त्यांत दिसतच नाहीत. निकषांशी पैसा निगडित झाला, की निकष पूर्ण करणे हेच उद्दिष्ट होऊन बसण्याचा धोका असतो. रुग्णाच्या माहितीची गुप्तताही जपावी लागते.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये मनोविकारांसाठी शारीरिक विकारांच्या बरोबरीने विम्याची तरतूद करणे विमासंस्थांवर बंधनकारक झाले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतही मनोविकारांचा समावेश आहे. तथापि तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. बहुसंख्य मनोरुग्णांना मात्र बाह्यरुग्ण म्हणून दीर्घकाळ उपचारांची व पाठपुराव्याची गरज असते.