मुसीचा महापूर आणि हैदराबादचे तलाव

हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचा एक जुना वृक्ष आहे. दिनांक २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा या वृक्षावर आश्रय घेतल्यामुळे सुमारे दीडशे लोकांचे प्राण वाचले, असे सांगितले जाते. इतरांचे दैव एवढे बलवत्तर नव्हते. त्या पुरात सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडली असे मानले जाते. या आपत्तीवर कोणते उपाय योजले गेले आणि त्या उपायांनी पुढे शहराचे जीवन कसे बदलले, हा इतिहास प्रत्येक वाढत्या शहराने अभ्यासावा असा आहे.

तलावांची साखळी

दख्खनच्या पठारावर पाऊस मोजकेच महिने पडतो आणि खडकाळ भूमीत तो फारसा मुरत नाही. म्हणून तेलंगणात काकतीयांच्या काळापासून उतारावर एकाखाली एक असे तलाव बांधण्याची पद्धत रूढ झाली. वरचा तलाव भरला की सांडव्यावाटे पाणी खालच्या तलावात जाई. १५९१ मध्ये हैदराबाद शहर वसले, त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे कुतुबशाहीत हुसेनसागर बांधला गेला होता. बांधाची डागडुजी, गाळ काढणे व पाण्याची वाटणी ही कामे पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या व्यवस्थेतून होत असत. बतुकम्माच्या सणात स्त्रिया फुलांचे थर रचून, गाणी गाऊन, अखेरीस ती फुले तलावाच्या पाण्यात सोडतात. अशा रीतीने तलाव हे केवळ सिंचनाचे साधन नव्हते. समाजाची व्यवस्था आणि लोकांची श्रद्धा यांचाही तो आधार होता.

या व्यवस्थेत एक धोकाही होता. वरचा बांध फुटला की त्याचा लोंढा खालच्या बांधावर आदळे. १९०८ च्या अतिवृष्टीत नेमके हेच घडले. मुसीच्या खोऱ्यातील ७८८ तलावांपैकी २२१ तलाव फुटले आणि ते सारे पाणी शहरावर चालून आले.

विश्वेश्वरय्यांची योजना

तत्कालीन निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीकाठी जाऊन मुसीची पूजा केली, अशी आख्यायिका हैदराबादेत आजही सांगितली जाते. पुढील वर्षी, १९०९ मध्ये, संस्थानाने सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्यात शिक्षण घेतलेल्या आणि खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या या अभियंत्याने ओळखले की, पूर शहरात पोहोचल्यावर त्याला अडविणे व्यर्थ आहे. तो वरच्या बाजूसच रोखला पाहिजे. त्यांच्या योजनेनुसार मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. नदीकाठच्या भिंती व उद्याने हीदेखील या योजनेचीच अंगे होत. उच्च न्यायालय आणि उस्मानिया रुग्णालय यांच्या भव्य इमारती याच काठांवर उभ्या राहिल्या.

या जलाशयांनी शहराला पूरसंरक्षणाबरोबर पिण्याचे पाणीही दिले. उस्मानसागरास लोक गंडीपेट म्हणतात. गंडीपेटचे पाणी एकदा प्यायलेला माणूस हैदराबाद सोडीत नाही, अशी म्हणच तेथे पडली.

सुरक्षिततेचे अनपेक्षित परिणाम

परंतु घरोघरी नळ आले, तसा तलावांशी असलेला लोकांचा नित्याचा संबंध तुटला. शहर पसरले, तलावांखालील शेते वसाहतींत गेली आणि ज्यांना तलावाची गरज होती असे शेतकरीच उरले नाहीत. उन्हाळ्यात कोरडे पडलेले तलावाचे पात्र मोकळ्या भूखंडासारखे दिसू लागले व तेथे घरे उठली. पावसाळी नाले अरुंद झाले. धरणांखालील मुसी वर्षातील बराच काळ कोरडी राहू लागली, तिच्यात प्रामुख्याने सांडपाणीच वाहू लागले आणि तिच्या पात्रातही वस्ती झाली. पुढे मांजरा, कृष्णा व गोदावरी यांचे पाणी दुरून आणण्यात आले. पाण्याचा उगम जितका दूर गेला, तितकी जवळच्या तलावाविषयीची आस्था ओसरली.

जलाशयांच्या संरक्षणासाठी १९९६ मध्ये दहा किलोमीटरच्या परिसरात प्रदूषणकारी उद्योग व मोठ्या वसाहतींवर बंदी घालणारा आदेश निघाला. २०२२ मध्ये ते निर्बंध उठविण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २००० मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले. २०२० मध्ये गुर्रम चेरुवू या तलावाचा बांध फुटून हाफिज बाबा नगर या वस्तीत पाणी शिरले. पाणी आपल्या जुन्या वाटेनेच आले होते. त्या वाटेवर आता घरे होती.

बोध

विश्वेश्वरय्यांच्या धरणांनंतर १९०८ सारखा संहार हैदराबादेत पुन्हा झाला नाही, हे त्या योजनेचे यश निर्विवाद आहे. तथापि धरण पूर अडविते. नाल्यावरील बांधकाम अडविणे हे समाजाचेच काम आहे. तेलंगणात २०१५ पासून मिशन काकतीय योजनेखाली जुन्या तलावांच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले. त्याचे फळ टिकावयाचे तर तलावात येणारा ओढा आणि त्यातून जाणारा सांडवा, दोन्ही खुले राहावयास हवेत.

एके काळी हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यातील शहरांनाही हे लागू आहे. पूररेषा नकाशावर आखून भागत नाही. ती प्रत्यक्ष जमिनीवर पाळली गेली पाहिजे. पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील नाला व तलाव यांची पाहणी करणे हे नगरपालिकेइतकेच नागरिकांचेही कर्तव्य होय.