दोन दमडीची पोरं आणि सम्राटाचा सिलॅबस

फर्स्ट इयरच्या पोरांना नावं ठेवायची पद्धत आपल्या कॉलेजांत सुरू झाली, असं वाटतंय? चूक! दीड हजार वर्षांपूर्वी रोमन कायदा शिकायला आलेल्या नव्या विद्यार्थ्यांना 'दुपोंदी' म्हणायचे. दुपोंदियस हे एक हलकं नाणं. म्हणजे आपल्या भाषेत, दोन दमडीची पोरं.

सम्राट जस्टिनियनला हे नाव हास्यास्पद वाटलं. ५३३ साली त्याने चक्क हुकूम काढला, की पहिल्या वर्षाच्या मुलांना यापुढे 'नवे जस्टिनियन' म्हणायचं. नव्या मुलांशी आणि शिक्षकांशी हलकट खेळ करण्यावरही त्याच हुकमात बंदी आली. अँटी रॅगिंगचा नियमच म्हणा ना!

पण हा हुकूम मुळात होता सिलॅबसचा. रोमन कायदा शेकडो वर्षं साठत गेला होता. एकीकडे सम्राटांचे आदेश, दुसरीकडे कायदेपंडितांची पुस्तकं आणि त्यातही एकाचं मत दुसऱ्याला छेद देणारं. जस्टिनियनच्याच हिशोबाने ही पुस्तकं सुमारे २,००० आणि ओळी ३० लाख! विद्यार्थी चार वर्षांत त्यातल्या जेमतेम ६० हजार ओळी वाचायचे.

मग कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, ट्रायबोनियन नावाच्या मंत्र्याच्या हाताखाली एक टीम बसली. डिसेंबर ५३० ते डिसेंबर ५३३ या तीन वर्षांत तिने त्या ढिगाऱ्यातून ५० भागांचा 'डायजेस्ट' काढला. ओळी उरल्या दीड लाख. सम्राटांचे आदेश 'कोडेक्स'मध्ये वेगळे एकत्र केले. आणि फर्स्ट इयरसाठी आलं छोटं, सुटसुटीत 'इन्स्टिट्यूट्स'. ते तयार करताना ट्रायबोनियनच्या जोडीला थिओफिलस आणि डोरोथियस हे दोन शिक्षक होते. प्रस्तावना लिहिली आहे थेट कायद्याची ओढ असलेल्या तरुणांना उद्देशून. गंमत म्हणजे हे पाठ्यपुस्तक स्वतःच कायदा होतं! परीक्षेला जे वाचायचं, तेच कोर्टात दाखवायचं.

कोर्स पाच वर्षांचा झाला. सुरुवात इन्स्टिट्यूट्सने, मग डायजेस्ट आणि शेवटच्या वर्षी कोडेक्स. पूर्वी तिसऱ्या वर्षाची मुलं पापिनियन या पंडिताचं लेखन वाचायची, म्हणून त्यांना 'पापिनियनिस्ट' म्हणत आणि ती त्याच्या नावाने सणही साजरा करत. नव्या सिलॅबसमध्ये पापिनियन तिसऱ्या वर्षातून निसटू नये, याची जस्टिनियनने मुद्दाम काळजी घेतली. पोरांचा सण बुडायला नको ना!

इथपर्यंत सगळं भारी वाटतं. पण प्रत्येक शॉर्टकटची किंमत असते. कायदा शिकवायची परवानगी फक्त रोम, कॉन्स्टँटिनोपल आणि बैरुत या तीन शहरांना मिळाली. अलेक्झांड्रिया आणि सीझेरियातल्या वर्गांवर बंदी आली. डायजेस्टवर भाष्य लिहायलाही मनाई झाली. आणि जुनी मूळ पुस्तकं? सिलॅबसमध्ये नाहीत, कोर्टात चालत नाहीत, मग त्यांच्या प्रती कोण करणार? बहुतेक हरवली.

दुसऱ्या शतकातल्या गायसचं पाठ्यपुस्तक तर इन्स्टिट्यूट्सचा पायाच होतं. तरी ते गायब झालं. सापडलं थेट १८१६ साली, इटलीतल्या व्हेरोनाच्या ग्रंथालयात. कुणीतरी त्याची अक्षरं खरवडून त्याच चामड्यावर संत जेरोमचं लेखन उतरवलं होतं!

उलट डायजेस्ट टिकला. अकराव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या बोलोन्यात तो पुन्हा शिकवायला लागले आणि युरोपभरातून विद्यार्थी तिथे यायला लागले. पुढे युरोपातल्या अनेक देशांचे नागरी कायदे याच परंपरेतून घडले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता त्यातलीच. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यावर तिची छाप आजही आहे.

म्हणजे ज्या कात्रीने रोमन कायदा वाचवला, तिनेच त्याचा बराचसा भाग संपवला. सिलॅबस कमी झाला की आपण आधी हुश्श करतो. साहजिक आहे. पण पुढच्या वेळी एखादं युनिट गळालं, तर 'परीक्षेला येणार नाही ना?' यासोबत अजून एक प्रश्न सरांना विचारून बघा. त्यात होतं काय? आणि लायब्ररीत ते पुस्तक अजून असेल, तर एकदा उघडा तरी!