मताला जमिनीचा आधार

गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना काय हवे आहे, हे अमेरिकेत त्यांनाच एकदा थेट विचारले गेले होते. यादवी युद्धाच्या काळात, जानेवारी १८६५ मध्ये, जॉर्जियातल्या सव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. पैसे मोजून स्वतःची सुटका करून घेतलेला हा वृद्ध पाळक. आम्हाला जमीन द्या, ती कसून आमचे आम्ही भागवू, हे त्यांचे मागणे. चारच दिवसांत शर्मनने हुकूम काढला आणि कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत या हिशेबाने किनारपट्टीवर सुमारे ४०,००० माणसे वसली. पण लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी जुन्या मळेवाल्यांना जमिनी परत देण्याचे धोरण घेतले. मताधिकार मात्र मिळाला, तोही फक्त पुरुषांना: दक्षिणेत १८६७ च्या कायद्यांनी आणि देशभर १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने. पायाखालची जमीन काढून घेऊन दिलेले हे मत टिकवणे किती कठीण, हे पुढच्या शंभर वर्षांत दिसले.

ही निरक्षर माणसे मताला लायकच नव्हती, असे तेव्हा म्हटले गेले आणि नंतर पाठ्यपुस्तकांतही शिकवले गेले. पुरावा उलटा आहे. साउथ कॅरोलायनाच्या १८६८ च्या घटना परिषदेत बहुसंख्य प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते. त्यांच्यात होते रॉबर्ट स्मॉल्स, ज्यांनी १८६२ मध्ये गुलाम असतानाच चार्ल्सटन बंदरातून दक्षिणेच्या सैन्याचे जहाज पळवून नेले होते. या परिषदेने सगळ्या मुलांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली. ज्यांना अक्षर शिकवणे हाच पूर्वी गुन्हा होता, त्यांनी सत्ता हाती येताच आधी शाळा मागितल्या! भ्रष्टाचार झाला हे खरे. पण त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये ट्वीड या पुढाऱ्याच्या टोळीने शहराची तिजोरी लुटली, म्हणून काही तिथल्या गोऱ्यांचे मत काढून घेतले गेले नाही.

मत निरुपयोगी असते, तर ते हिसकावण्यासाठी इतके रक्त सांडावे लागले नसते. १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला निवडणुकीच्या वादातून कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले. तिथली ती मुक्ती त्या वेळी किती डळमळीत झाली होती, हे आज वाचताना मन विषण्ण होते. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलफॅक्सच्या आरोपींची शिक्षा रद्द ठरवली, १८७७ मध्ये केंद्राने सैन्याचे संरक्षण काढले. उरलेले काम कागदाने केले. मतासाठी कर आला, घटनेचा अर्थ सांगण्याची परीक्षा आली. लुइझियानात १ जानेवारी १८६७ रोजी मत असलेल्यांच्या मुला-नातवांना शिक्षणाची आणि मालमत्तेची अट माफ झाली. म्हणजे गोऱ्यांना माफ. तिथे १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार होते, १९०० मध्ये ५,३२० उरले. जमीन नसलेले कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या शेतांवर वाटेकरी झाले होते. शेत मालकाचे, झोपडी मालकाची आणि दुकानातली उधारीही त्याच्याच वहीत. अशा वाटेकऱ्याने कुणाच्या बळावर तक्रार करायची?

मग आधी पोटापाण्याचे पाहावे, मत नंतर, असे कुणी म्हणेल. कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८९५ मध्ये अटलांटाच्या भाषणात जवळपास हाच मार्ग सांगितला. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मत गेल्यावर शाळांचा पैसा गोऱ्या मुलांकडे वळला, ज्यूरीतली जागा गेली आणि कमावलेले राखण्याचे साधनच उरले नाही. उलट दोन्ही हाती असल्यावर काय होते, ते मिसिसिपीच्या होम्स काउंटीत दिसते. रूझवेल्टकालीन सरकारी योजनेतून माइलस्टनच्या काही कृष्णवर्णीय कुटुंबांना स्वतःची शेती मिळाली होती. एप्रिल १९६३ मध्ये मतदार नोंदणीसाठी लेक्सिंग्टनच्या कचेरीवर आधी गेले ते तिथलेच शेतकरी. धमक्या आल्या, एकाच्या घरावर हल्ला झाला. पण त्यांना शेतावरून हाकलणारा मालक नव्हता. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर, १९६७ मध्ये, याच काउंटीने रॉबर्ट क्लार्क यांना राज्याच्या विधिमंडळात पाठवले. विसाव्या शतकात तिथे निवडून गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य.